करवतीला बांधलेला दोरा

आमच्या घरातल्या त्या वस्तूला दुकानदार मिनी चेनसॉ म्हणाला होता. ते नाव दुकानातच राहिलं. बायको तिला कटर म्हणते. मी करवत म्हणतो, कारण एका दैनिकात मुद्रितं तपासण्यात सारी नोकरी गेली आणि साध्या वस्तूला साधाच शब्द लावायची खोड हाडात मुरली आहे. आई मात्र तिचं नावच घेत नाही. ‘त्ये’ म्हणते. घरात साप निघाला की जुनी माणसं जसं त्याचं नाव टाळतात, तसं.

दिसायला ती काही भयंकर नाही. एका हातात मावते. पुढं वितीएवढं पातं आणि त्याच्याभोवती फिरणारी दातेरी चेन. मुठीच्या खालच्या बाजूला बॅटरी सरकवायची. मुठीवर दोन बटनं. एक अंगठ्याखाली येतं, ते लॉकचं. दुसरं पहिल्या बोटाखाली. दोन्ही एकदम दाबल्याशिवाय चेन हलत नाही, हे दुकानदारानं आम्हाला पुन्हा पुन्हा दाखवलं. सेफ्टी आहे साहेब, लहान पोरानं उचललं तरी चालू व्हायचं नाही, असं तो म्हणाला. मी मान डोलावली, पण मला ते पटलं नव्हतं.

घ्यायचं कारण शेवगा. मंगळवार पेठेतली भाड्याची जागा सोडून आम्ही शहराच्या कडेला छोटं घर बांधलं, तेव्हा बायकोनं हौसेनं अंगणात झाडं लावली. जास्वंद, कडीपत्ता, पेरू, पारिजातक आणि फाटकाशेजारी शेवगा. शेवग्याचं लाकूड म्हणजे नुसतं ठिसूळ. पावसाळ्यात फांद्या पाणी पिऊन जड होतात आणि जरा वारा सुटला की मोडून लोंबकळतात. गडी बोलवावा तर तो येतो येतो म्हणून येत नाही, आणि आला तर झाडाची पार हजामत करून जातो. म्हणून बायको स्वतःच कोयता घेऊन चढायची. मग तिचा खांदा धरला. मग तिनं मोबाईलवर कुठला तरी व्हिडिओ बघितला. त्यात एक बाई मनगटाएवढी फांदी लोण्यासारखी कापत होती. गेल्या वर्षी उन्हाळ्यात आम्ही दुकानाच्या पायरीवर होतो.

माझी बायको शिवणकाम करते. ब्लाऊज शिवणारी म्हणून पेठेत तिचं नाव होतं आणि अजूनही जुन्या पेठेतल्या बायका रिक्षा करून आमच्या कॉलनीत तिच्याकडे येतात. मशीनवरची टीप कुणीही मारतं, पण तिची हातशिलाई बघावी. आतून बघितलं तरी टाका सापडत नाही. त्या हातांवर आमचं घर उभं आहे. आणि त्याच हातांत ती आता फिरती चेन धरणार, हे मला काही केल्या पचत नव्हतं.

भित्रा म्हणा. म्हणालेच सगळे. पण माझी भीती हवेतून आलेली नव्हती. वर्तमानपत्रात आतल्या पानावर जिल्ह्याच्या छोट्या बातम्या असतात. कडबाकुट्टीत हात सापडून अमुक, मळणी यंत्रात पदर अडकून तमुक. त्या बातम्यांची मुद्रितं माझ्या हाताखालून जायची. वाचणारा पान उलटतो. मला मात्र त्यातलं एकेक अक्षर बघावं लागे. ‘मनगटापासून’ या शब्दातला काना-मात्रा तपासताना माझं स्वतःचं मनगट दुखायला लागायचं.

आणि त्याही आधी वडील होते. हातकणंगल्याकडच्या आमच्या गावात गुऱ्हाळ होतं. उसाचा चरक तिथं वडील सांभाळायचे, म्हणजे दोन दातेरी लोखंडी रुळांत ऊस सारायचे. मी तेव्हा लहान होतो. काकवी मिळेल म्हणून तिथंच घुटमळत होतो. वडिलांचा उजवा हात उसाबरोबर आत गेला तेव्हा चरकाचा आवाज जरासुद्धा बदलला नाही, हे मला अजून आठवतं. ऊस जाताना जसा होता तसाच. पट्टा उतरवेपर्यंत दोन बोटं गेली होती आणि तिसरं नावापुरतं राहिलं. आईनं तो हात पदरात गुंडाळला आणि बैलगाडीत छातीशी धरून बसली. त्यानंतर वडील असेपर्यंत त्यांच्या सदऱ्याची बटनं आईनं लावली. रोज सकाळी, एक शब्द न बोलता.

आईचं म्हणणं असं, की त्या वर्षी गुऱ्हाळ घाईनं चालू केलं. खंडेनवमीला चरकाची पूजा झालीच नव्हती, नारळसुद्धा फोडला नव्हता. यंत्राचा मान राखला नाही, त्यानं आपला मान घेतला. मी शिकलासवरलेला माणूस, मी यावर कधी वाद घातला नाही. वाद कशाला घालायचा? माझ्याकडं तरी दुसरं काय कारण होतं?

तेव्हापासून आई प्रत्येक यंत्राला दोरा बांधते. खंडेनवमीला आमच्या घरात कोयता, खुरपं, विळी, कात्री सगळी पाटावर मांडली जातात, हळदकुंकू लागतं, झेंडूची फुलं वाहिली जातात. ते सगळ्यांच्याच घरी होतं. पण आईचा तांबडा दोरा वेगळा. तो ती नृसिंहवाडीहून आणते, दत्ताच्या पायाला लावून. शिलाई मशीनला, मिक्सरला, माझ्या स्कूटरच्या हँडलला, वॉशिंग मशीनच्या पाइपला. ज्याची भीती जास्त त्याला वेढे जास्त. आणि एकदा बांधलेला दोरा आपल्या हातानं तोडायचा नाही, तो आपोआप गळून पडला पाहिजे, हा तिचा कायदा. आमच्या मिक्सरला तीन रंगांचे जुने दोरे आहेत, पाहुणे हसतात.

यात आणखी एक गोष्ट सांगायला हवी. माझी बायको माझ्या सख्ख्या मामाची मुलगी. म्हणजे आईची भाची आणि नंतर सून. ती आईला आत्ती म्हणते. सासू-सून म्हणून त्या दोघी भांडतात ते निराळं, पण आईनं तिला अंगाखांद्यावर खेळवलेलं आहे. तिच्या केसालाही धक्का लागलेला आईला चालत नाही. उलट मला लागला तर ती म्हणेल, नीट बघून चालायचं न्हाय व्हय?

तर करवत घरी आली आणि मी नियम केले. डोळ्यांना चष्मा. पायात माझे बूट. साडीचा पदर किंवा गाऊन नाही, माझी जुनी पँट. डोक्यावर स्कूटरचं हेल्मेट. काम नसेल तेव्हा पात्यावर प्लॅस्टिकचं झाकण, आणि बॅटरी कायम बाहेर. बॅटरी मी काढणार आणि मीच लावणार. ती माझ्या कपाटात, इस्त्रीच्या कपड्यांखाली. ‘बॅटरी बाहेर म्हणजे ते मेलेलं,’ हे मी तिला इतक्यांदा सांगितलं, की शेवटी तीच मला ऐकवायला लागली. बूट, पँट आणि हेल्मेट घालून ती शेवग्याखाली उभी राहिली तेव्हा समोरच्या गच्चीवरची माणसं हसून लोळली. ती पण हसली. मी हसलो नाही.

पहिली फांदी कापताना मी फाटकाबाहेर जाऊन उभा राहिलो. तो आवाज मला सहन होईना. दातांच्या दवाखान्यात बाहेर बसल्यावर आतून येतो ना, तसा. थांबला की काळजाचा ठोका चुकायचा, पुन्हा चालू झाला की चुकायचा. आई आतल्या खोलीत कानावर पदर धरून बसायची. बायको मात्र खुशीत. जास्वंद कशी गोल झाली बघा, पेरूला कसं ऊन लागतंय बघा. चार महिन्यांत काहीही झालं नाही. माझी भीती कमी झाली असती, पण मला माझ्या भीतीची सवय झाली आणि मी तिलाच सावधपणा समजायला लागलो.

मग खंडेनवमी आली.

पाटावर बाकीच्या हत्यारांबरोबर करवतही आली. बॅटरी नियमाप्रमाणं माझ्या कपाटात होती, म्हणून मी निर्धास्त. आईनं पात्यावरचं झाकण काढायला लावलं. मी नको म्हटलं तर म्हणाली, “झाकणावर कुंकू लावून काय उपेग? त्येच्या दाताला लागाय पायजे.” तिनं एकेका दाताला कुंकू लावलं. मग दोऱ्याचं भेंडोळं घेतलं आणि मुठीला गुंडाळायला सुरुवात केली. आम्ही इतर वस्तूंना हळद लावत होतो, तिच्याकडे लक्ष नव्हतं. मी बघितलं तेव्हा मूठ तांबडी झाली होती. पट्टी बांधल्यासारखी. चेष्टेनं म्हणालो, आई, वाडीचा सगळा दोरा संपवलास की. तिनं गाठ मारताना दातानं ओढून घट्ट केली आणि वरून झेंडूची माळ घातली. माळेखाली मूठ दिसेनाशी झाली.

दसरा झाला. आपट्याची पानं वाटून झाली. दोन-तीन दिवसांनी परतीच्या पावसाचा एक जोरकस तडाखा बसला आणि शेवग्याची मोठी फांदी मोडून फाटकाच्या आतल्या बाजूला लोंबकळायला लागली. नेमकी आई सकाळी उन्हाला बसते त्या दगडाच्या वर. बायको म्हणाली, आधी ही काढू, मग चहा.

पाटावरून करवत आणली. उभी ठेवल्यानं पात्यातलं तेल गळून खालचं फडकं भिजलं होतं. बायको व्हरांड्याच्या पायरीवर बसली. सुकलेली माळ तिनं काढून जास्वंदीच्या बुंध्यात ठेवली. मी म्हटलं, तो दोरा पण काप, हातात मूठ नीट बसायची नाही. ती म्हणाली, कशाला, आत्तीला वाईट वाटंल, राहू दे. मी चिडलो. माझा स्वभावच तसा. म्हटलं, मग राहू दे, मला काय, आणि खिशातून बॅटरी काढली.

माझी एक जुनी बनियन घेऊन ती पात्याचं तेल पुसत होती. डाव्या हातात बनियन, बनियनमध्ये पातं, मुठीत धरल्यासारखं. चेन मेलेलीच होती ना. मीच तर शिकवलं होतं. तिनं उजव्या हातानं मूठ माझ्याकडं केली आणि म्हणाली, लावा. मी खालून बॅटरी सरकवली. टक्क आवाज झाला.

आणि ती चालू झाली.

कुणीच बटन दाबलं नव्हतं. बटनं दोन्ही दाबलेलीच होती, त्या तांबड्या पट्टीखाली, खंडेनवमीपासून. हे मला नंतर कळलं. त्या क्षणी फक्त एवढं दिसलं की माझी बनियन एखाद्या तोंडानं ओढून घ्यावी तशी आत गेली, आणि तिच्याबरोबर बायकोचा हात. मग घशात घास अडकावा तसा आवाज बदलला. कापड चेनमध्ये गुंतून चेन अडकली होती, पण मोटर रेटत होती आणि पातं तिच्या हातात थडथडत होतं. मी उभा होतो. जन्मभर याच क्षणाची वाट बघत असल्यासारखा मी भ्यालो होतो, आणि तो आला तेव्हा माझे हात माझे राहिले नव्हते.

“बॅटरी काढा,” ती म्हणाली. ओरडली नाही. दुधाखालचा गॅस बंद करा म्हणावं, तशा आवाजात.

मी काढली. बनियन तांबडी होत चालली होती. कशानं, ते मला बघवेना. तिनंच हळूहळू बोटं सोडवली. कापडाचे धागे तोडायला तिथंच पडलेली कात्री घेतली, आणि त्याच कात्रीनं, एका हातानं, तिनं आधी मुठीवरचा दोरा कापून टाकला. त्याचे तुकडे पायरीवर पडले. मला वाटलं ती भ्रमिष्ट झाली. नंतर समजलं, बटनांचं तिच्या ध्यानात आधीच आलं होतं.

आई आत न्हाणीत होती. शेजाऱ्यांना तिच्याकडे बघायला सांगून मी बायकोला रिक्षात घातलं. हात टॉवेलात. मी तो माझ्या छातीशी धरून बसलो होतो आणि मला बैलगाडी आठवत होती. तेच ते. फक्त चाकं बदलली. रिक्षावाला खड्डे चुकवत होता आणि मी मनातल्या मनात दत्ताला विनवत होतो, ज्याच्या पायाचा तो दोरा होता त्यालाच.

अर्ध्या रस्त्यात ती म्हणाली, “आत्तीला दोऱ्याचं सांगायचं न्हाय. फांदी सटाकली, हात घसरला म्हणायचं.”

मी हो म्हटलं. तेव्हा मी कशालाही हो म्हटलं असतं.

डॉक्टरांनी बराच वेळ बघितलं. कापड अडकलं म्हणून हात राहिला असं म्हणाले. दोन बोटांना खोल जखमा होत्या, टाके पडले. शिरा तुटल्या नव्हत्या, बोटं हलणार होती. पण पहिल्या बोटाची संवेदना येईल का, हे आत्ताच सांगता येणार नाही, वाट बघावी लागेल. बायकोनं विचारलं, शिवताना कापड धरता येईल का. डॉक्टर म्हणाले, धरता येईल. ती म्हणाली, खालून सुई टेकलेली कळंल का? त्यावर ते म्हणाले, बघू.

ते ‘बघू’ घेऊन आम्ही घरी आलो. पायरी धुतलेली होती. आईनं रक्त, सुकलेली फुलं, पाचोळा सगळं लोटून काढलं होतं आणि सडा टाकून ती दारात उभी होती. आम्ही ठरल्याप्रमाणं फांदीची गोष्ट सांगितली. तिनं ऐकून घेतली. एक प्रश्न विचारला नाही. संध्याकाळी शेजारीण आली, म्हणाली, पूजा केलेली होती म्हणून एवढ्यावर भागलं बघा मावशी, देवानं राखलं. मला वाटलं आई हो म्हणेल, ते तिच्याच मनासारखं बोलणं होतं. ती उठून आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खोलीत गेलो तर बायको खुर्चीवर बसली होती आणि आई तिच्या ब्लाऊजचे हुक लावत होती. खाली वाकून, एकेक, न बोलता. मग तिची वेणी घातली. मी दारातूनच मागं फिरलो. अंगणात येऊन नळ सोडला आणि उगाच हातपाय धूत बसलो. त्या दिवसापासून मला जी भीती वाटायला लागली ती रक्ताची नव्हती. आई आता मरेपर्यंत हे करत राहील, आणि नंतर मी, याची होती.

टाके निघाले. बोटं वाकायला लागली. पण सुईचं काही खरं नव्हतं. रोज सकाळी चहा झाला की बायको डोळे मिटून हात पुढं करायची आणि मी सुईच्या बोथट टोकानं बोटांना स्पर्श करायचो. कुठं लागलं ते तिनं सांगायचं. मधल्या बोटाचं उत्तर थोड्या दिवसांत बरोबर यायला लागलं. पहिल्या बोटाला मी सुई टेकवायचो आणि ती गप्प बसायची. लावा की, म्हणायची. मी म्हणायचो, लावतोय आता. खोटं बोलायचो. सुई टेकलेलीच असायची. तिलाही कळायचं की मी खोटं बोलतोय, आणि आम्ही दोघं एकमेकांना ताकास तूर लागू द्यायचो नाही. आई स्वयंपाकघराच्या दारात भाकरीचं पीठ लागलेले हात घेऊन उभी असायची आणि काही न विचारता परत जायची.

हिवाळा असाच गेला. पेठेतल्या बायका येऊन कापड परत घेऊन गेल्या, काही जणी राहू दे सावकाश म्हणाल्या. होळीच्या सुमाराला त्या बोटाला एका कडेनं मुंग्या आल्यासारखं व्हायला लागलं. अर्ध्या भागाला कळतं, अर्ध्याला नाही, असं ते बोट आज आहे. बायकोनं कापड मधल्या बोटावर धरायची सवय लावून घेतली. पहिला ब्लाऊज शिवला तो स्वतःचाच. मला उलटा करून दाखवला. टाके दिसत होते. मी म्हटलं, दिसत नाहीत. ती म्हणाली, मुद्रितं तपासत होता न्हवं तुम्ही, का झोपा काढत होता?

करवत मी भंगारात देणार होतो. यावरून आमचं कडाक्याचं भांडण झालं. तिचं म्हणणं, तिचा काय दोष, कोयत्यानं तोडलेली बोटं काय कमी आहेत जगात. तिनं चेनमधले बनियनचे धागे स्वतः काढले, ती साफ केली आणि पावसाळ्याच्या तोंडावर पुन्हा शेवग्याखाली उभी राहिली. मी फाटकाबाहेर गेलो नाही. हात जोडून, म्हणजे खरंच हात जोडून, तिच्या मागं उभा राहिलो. बटन दाबायच्या आधी तिनं पण डावा हात पाठीमागं नेला. ते मी बघितलं आणि तिनं बघितलं की मी बघितलं.

यंदा पुन्हा खंडेनवमी आली. मी आणि बायको आदल्या दिवसापासून कुजबुजत होतो. करवत पाटावर ठेवायचीच नाही का? ठेवली नाही तर आई विचारणार. ठेवली तर दोरा बांधणार. शेवटी ठरलं, बांधू द्यायचा, आणि आई दुपारी आडवी झाली की मी हळूच सोडवायचा.

पाट मांडला. आईनं कोयत्याला, विळीला, कात्रीला हळदकुंकू लावलं. मशीनच्या चाकाला दोरा बांधला. मग करवतीपुढं बसली. तिचं वय झालंय, खाली बसताना गुडघे वाजतात. तिनं करवत मांडीवर घेतली. पात्यावर झाकण होतं, ते तिनं तसंच राहू दिलं. झाकणावरच कुंकवाचं एक बोट टेकवलं. आणि माझ्याकडं न बघता विचारलं, “ह्येचं बटन कुठं असतंय रं?”

मी दाखवलं. बोटाखालचं.

“आनि दुसरं? दोन असत्यात न्हवं?”

बायकोच्या हातातलं फुलांचं ताट तसंच राहिलं. पायरी आईनंच लोटली होती. दोऱ्याचे तुकडे तिनंच उचलले होते, कात्रीनं कापलेले, आपोआप न गळलेले. बाकीचं तिला कुणी सांगितलं, की करवत कोनाड्यात पडून होती तेव्हा तिनं स्वतःच हातात घेऊन बघितलं, मला माहीत नाही. आम्ही वर्षभर तिच्यापासून लपवत होतो आणि ती वर्षभर आमच्यापासून. हुक लावताना, वेणी घालताना, सुईच्या वेळी दारात उभी राहताना, सगळा वेळ तिला ठाऊक होतं. त्या भीतीत ती एकटी होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते पुसलं नाही.

मी दुसरं बटन दाखवलं. तिनं त्याच्यावर अंगठा ठेवून बघितला, मग काढला. एक झेंडूचं फूल पात्याच्या टोकाशी, बटनांपासून लांब, नुसतं ठेवलं. करवत पाटावर परत ठेवली.

“हात कर फुडं, पोरी,” ती म्हणाली.

बायकोनं डावा हात पुढं केला. आईनं ते बोट उलटसुलट करून बघितलं, व्रणावरून अंगठा फिरवला. मग तांबडा दोरा मनगटाला गुंडाळला. एकच वेढा. गाठ मारली ती दातानं ओढली नाही.

“घट झालाय का?”

“न्हाय आत्ती.”

“बघ नीट. घट न्हाय न्हवं?”

“न्हाय.”

आईनं तरीही दोऱ्याखाली आपलं बोट घालून बघितलं.